आर्द्रतामापनातील तफावत (कापूस व सोयाबीन)

एकाच शेतमालातील पाण्याचे प्रमाण यंत्राने पुन्हा पुन्हा मोजले असता वेगवेगळे आकडे येणे. बाजारात या प्रमाणाला ‘मॉइश्चर’ आणि ते दाखवणाऱ्या यंत्राला मॉइश्चर मीटर म्हणतात. कापूस आणि सोयाबीन हे वनस्पतिजन्य पदार्थ असल्याने वेचणी-मळणीनंतरही त्यांची भोवतालच्या हवेशी पाण्याची देवघेव चालूच राहते. मोजायची गोष्टच स्थिर नसणे हे तफावतीचे पहिले कारण. यंत्राचा दोष त्यानंतर येतो, वादात मात्र बोट आधी त्याच्याकडेच दाखवले जाते.

कापसाचा बाजार या यंत्रांपेक्षा जुना आहे. उदाहरणार्थ, खामगाव (जि. बुलडाणा) हे घाटाखालच्या कापूसपट्ट्यातले जुने बाजाराचे गाव. मुख्य लोहमार्गावरील जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे १३ किमी.चा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला, तो इथला कापूस मुंबईमार्गे परदेशी नेण्यासाठीच. कापसातील भेसळ रोखण्याचा कायदा मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये, तर कापूस व धान्य बाजारांचे नियमन करणारा कायदा वऱ्हाडात १८९७ मध्ये झाला. ओलीचा अंदाज मात्र पुढेही दीर्घकाळ हातावरच होता. कापूस मुठीत दाबून पाहायचा, दाणा दाताखाली फोडायचा. या पारखीतही माणसागणिक फरक पडे. पण तो दशांश चिन्हासह लिहिला जात नसल्याने त्यावर हुज्जत घालायला जागा होती. यंत्राने ती जागा कमी केली. पडद्यावर १२.३ उमटले की त्यातला .३ किती खरा, हे विचारण्याचे धाडस गाडीवाला सहसा करत नाही.

कापसासाठीचे सुटसुटीत मीटर बहुधा विद्युत्‌रोधावर चालतात. दोन टोकदार इलेक्ट्रोड ढिगात खुपसतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या अल्प प्रवाहावरून ओल ठरवतात. ओल वाढली की रोध झपाट्याने घटतो. सोयाबीनसारख्या दाण्यांसाठी धारकतेवर चालणारे मीटर अधिक वापरात आहेत. पाण्याचा पराविद्युत्‌ स्थिरांक ८० च्या आसपास, तर कोरड्या दाण्याचा त्याच्या तुलनेत फारच थोडा असतो. त्यामुळे थोडे पाणीही धारकतेत लगेच दिसते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे : यंत्र पाणी मोजत नाही, विजेचा एक गुणधर्म मोजते आणि आत साठवलेल्या तक्त्यावरून टक्केवारी सांगते. तो तक्ता कोणत्या पिकाचा, कोणत्या वाणावर आणि कोणत्या तापमानाला तयार केला, यावर उत्तर अवलंबून असते. पाणी प्रत्यक्ष काढून मोजण्याची पद्धत म्हणजे ओव्हन. नमुना तोलायचा, कापूस १०५° से.ला किंवा तेलबिया १०३° से.ला वजन स्थिर होईपर्यंत सुकवायच्या आणि पुन्हा तोलायच्या. याला काही तास लागतात. खरेदी केंद्राच्या फाटकावर रांग लागलेली असताना हे शक्य नसते.

कापसाच्या मापनात सर्वांत मोठा घोळ दाबाचा. तोच कापूस सैल असताना कमी आणि दाबून धरल्यावर जास्त ओल दाखवतो, कारण तंतू जवळ येऊन प्रवाहाला वाट मिळते. ग्रेडरच्या (प्रतवारी करणाऱ्याच्या) हाताचा जोर हाही त्यामुळे मापनाचा भाग ठरतो. दुसरा घोळ सरकीचा. बाजारात येतो तो सरकीसकट कापूस. रुई आणि सरकी यांची ओल सारखी नसते आणि इलेक्ट्रोडला भिडते ती मुख्यतः रुई. रुई हवेतली ओल तासाभरात घेते आणि सोडतेही, सरकी मात्र सावकाश. पहाटेच्या दवात उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा थर सकाळी नऊला एक आकडा देईल आणि दुपारी दोनला दुसरा. दोन्ही वेळी यंत्र बिनचूक असू शकते. उलट, वरचा थर उन्हाने कोरडा आणि पोटात ओल, असेही होते. व्यापाऱ्याचा ‘पाणी मारल्याचा’ संशय आणि शेतकऱ्याचा ‘मीटर लावून ठेवल्याचा’ संशय, दोन्ही याच थरांमधल्या फरकावर पोसले जातात. काही वेळा दोन्ही खरेही निघतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सोयाबीनचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. उन्हात तापलेला दाणा, तापमानाची दुरुस्ती न केल्यास, जास्त ओला दिसतो. परतीच्या पावसात भिजलेल्या दाण्याच्या पृष्ठभागावरचे पाणी आकडा फुगवते. घाईने वाळवलेल्या मालाची साल कोरडी आणि गाभा ओला असल्याने तो आज कमी आणि दोन दिवसांनी जास्त दाखवतो. काडीकचरा आणि फुटके दाणे यांची भर वेगळीच.

आणखी एक तफावत निव्वळ हिशेबाची असून तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पाण्याचे प्रमाण एकूण वजनाशी काढतात, तसेच कोरड्या वजनाशीही काढतात. वस्त्रोद्योगात कापसासाठी मान्य असलेले ८.५ टक्के हे कोरड्या वजनाशी काढलेले प्रमाण. एकूण वजनाशी तेच ७.८३ टक्के होते. एकूण वजनावरचे १२ टक्के कोरड्या वजनावर १३.६४ होतात. दोन मीटर दोन पायांवर बेतलेले असतील, तर त्यांत दीड टक्क्याचे अंतर कोणाचीही लबाडी नसताना पडते.

भारतीय कपास निगमच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कटती होते आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेतला जात नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता; म्हणजे ९ टक्क्यांना ८,०२८.९० आणि १२ टक्क्यांना ७,७८५.६० रुपये. ही कटती अन्यायाची आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. १२ टक्के ओलीचा एक क्विंटल कापूस ८ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर ९५.६५ किलो उरतो आणि पूर्ण भावाने त्याचे सुमारे ७,७५७ रुपये होतात. ओला विकला असता २८ रुपये जास्तच मिळाले असते. वाळवण्याची मजुरी आणि जागा वेगळी. कटतीचा दर बेताचा आहे. शेतकऱ्याला मार बसतो तो १२ च्या रेषेवर. ११.९ ला हमीभावाच्या आत आणि १२.१ ला बाहेर, मग खासगी व्यापारी देईल तो भाव. मापनातली अर्ध्या टक्क्याची चूक ९ च्या आसपास क्विंटलमागे चाळीस रुपयांची असते, १२ जवळ ती सगळा सौदा मोडते.

समजा, एका गाडीतील खरी ओल ११.७ टक्के आहे आणि एकेका मापनाचे प्रमाण विचलन अर्धा टक्का आहे. एकदाच मीटर लावल्यास ती १२ च्या वर दिसण्याची शक्यता सुमारे २७ टक्के. वेगवेगळ्या पाच ठिकाणी मोजून सरासरी घेतल्यास ती सुमारे ९ टक्क्यांवर येते. मात्र पाचही मापने एकाच थरातली असतील किंवा मीटर मुळातच अर्धा टक्का जास्त दाखवत असेल, तर सरासरीने काहीच सुधारत नाही. मापनागणिक बदलणारी त्रुटी यादृच्छिक, मीटरची मुळातली त्रुटी एकतर्फी. दुसरीवर उपाय एकच : ओल आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यावर यंत्र पडताळून घेणे.

सोयाबीनच्या हमीभाव खरेदीची मर्यादाही १२ टक्के आहे. २०२४ च्या पावसाळी हंगामानंतर केंद्र सरकारने तेवढ्या वर्षापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. माल तोच, मीटरही तेच. खरेदीयोग्य ढिगांची संख्या तेवढी बदलली.

हा प्रश्न शेतमालापुरता नाही. घरी वापरायच्या रक्तशर्करामापकासाठी आयएसओ १५१९७ या मानकाची २०१३ ची आवृत्ती १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक शर्करेसाठी १५ टक्क्यांची तफावत मान्य करते आणि ९५ टक्के मापने त्या पट्ट्यात असावीत असे सांगते. खरी शर्करा २०० असताना मीटरने १७० किंवा २३० दाखवणे त्यात बसते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आहाराच्या संदर्भात याच मुद्द्याची दुसरी बाजू लावून धरली : एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीखाली दिसणारा प्रत्येकजण कुपोषित धरता येत नाही. त्यांचा निष्कर्ष बराच वादग्रस्त ठरला. मात्र शरीरातला स्वाभाविक चढउतार आणि मापनाची चूक वेगळ्या काढल्याशिवाय रेषा आखू नये, हा त्यामागचा आग्रह टिकून आहे. सुखात्मे यांनी वि. गो. पानसे यांच्यासह शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले. पानसे यांची सुरुवातीची कारकीर्द इंदूरच्या संस्थेत, कापसावरील कामात गेली होती.

कापसाच्या तांत्रिक तपासणीची मोठी परंपरा मुंबईत माटुंग्याच्या प्रयोगशाळेची. ती १९२४ मध्ये स्थापन झाली आणि आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. धान्य व तेलबियांच्या आर्द्रतामापकांसाठी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची ५९ क्रमांकाची शिफारस आहे. वजनकाट्यावरचा वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का बाजारात येणारा प्रत्येक शेतकरी ओळखतो आणि तो नसेल तर भांडतो. मीटरबाबत तशी सवय अद्याप रुजलेली नाही. वास्तविक काट्याची एका टक्क्याची चूक आणि मीटरची एका टक्क्याची चूक ८ ते १२ च्या पट्ट्यात शेतकऱ्याला जवळपास सारख्याच किमतीला पडते.

खरेदी केंद्रावर करता येण्याजोगे थोडेच आहे. गाडीच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून नमुना घेणे, कापूस ठरावीक वजनाचा व ठरावीक दाबाखाली धरणे, सरासरीबरोबर सुटी मापनेही पावतीवर लिहिणे आणि ११.५ ते १२.५ मधल्या मालाची दुसऱ्या मीटरवर फेरतपासणी करणे. यातले शेवटचे सर्वांत स्वस्त आहे, कारण वाद बहुतेक त्याच टप्प्यातल्या गाड्यांचा असतो.