ॲस्परजिलस नायजर

(काळी बुरशी, कुल – ॲस्परजिलेसी). माती, कुजका पालापाचोळा आणि साठवणीतील शेतमाल यांवर जगभर आढळणारी तंतुमय बुरशी. बाजारात ‘लिंबूफूल’ म्हणून मिळणाऱ्या सायट्रिक अम्लाचे उत्पादन मुख्यतः हिच्यावर चालते. चाळीतला कांदा सोलताना वरच्या पापुद्र्याखाली शिरांच्या रेषेने काजळीसारखी पूड दिसते व बोटांना लागते, ती बहुधा हीच. भिंगाखाली उभ्या दांड्याच्या टोकाला गोल फुगवटा आणि त्याभोवती काळ्या बीजाणूंच्या माळा दिसतात. हा आकार चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा वाटल्याने मिकेली यांनी १७२९ मध्ये प्रजातीला हे नाव दिले. जातीचे वर्णन व्हान टिगेम यांनी १८६७ मध्ये केले.

इतिहास : शेले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक अम्ल वेगळे केले. पुढे शंभरावर वर्षे ते लिंबातूनच येई आणि या व्यापारावर इटलीची पकड होती. व्हेमर यांनी १८९३ मध्ये बुरशीपासून हे अम्ल मिळवले. मात्र इतर सूक्ष्मजीवांच्या भेसळीमुळे त्यांची पद्धत कारखान्यात टिकली नाही. खरे वळण १९१७ चे. अमेरिकेत जेम्स करी यांनी दाखवले, की भरपूर साखर असलेल्या तीव्र आम्ल द्रवात ही बुरशी उत्तम वाढते व अम्लही भरपूर देते. एवढ्या आंबट द्रवात इतर सूक्ष्मजीव तग धरत नाहीत. व्हेमर यांना नडलेला भेसळीचा प्रश्न इथेच सुटला. फायझर कंपनीने १९१९ मध्ये उथळ परातींतून उत्पादन सुरू केले.

प्रक्रिया : आज बहुतेक उत्पादन हवा खेळवलेल्या खोल टाक्यांत, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. साखर मुबलक हवी, पण मँगॅनीज जवळजवळ नको. ते लिटरमागे काही मायक्रोग्रॅम जास्त झाले तरी उतारा कोसळतो, आणि गुठळ्यांऐवजी लांब तंतू वाढून द्रव दाट होतो. या बुरशीबाबत ध्यानात ठेवण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट हीच : ती अम्ल साठवते ते उपासमारीत नव्हे, तर साखरेची चंगळ आणि धातूंचा दुष्काळ एकत्र आल्यावर. म्हणून मळी वापरताना फेरोसायनाइड घालून धातू आधी काढून टाकतात. आम्लता कमी पडली, तर ऑक्झॅलिक व ग्लुकॉनिक अम्ले वाढतात. शेवटी चुन्याने कॅल्शियम सायट्रेटचा साका पाडून गंधकाम्लाने अम्ल मोकळे करतात. मागे जिप्सम उरतो.

मातीतील कार्य : हिने सोडलेल्या अम्लांनी न विरघळणारा स्फुरद पिकांच्या मुळांना मिळण्याजोगा होतो. या कामासाठी वापरली जाणारी ॲ. अवामोरी ही स्वतंत्र जाती मानावी की नाही, याबद्दल वर्गीकरणतज्ज्ञांत मतभेद आहेत.

रोग : कांद्याची काळी बुरशी; भुईमुगाच्या रोपांची जमिनीलगतची कूज; माणसात कानाचा संसर्ग. काही वाण ऑक्राटॉक्सिन हे विष तयार करतात.

संबंधित जाती : ॲ. टेरियस (इटाकॉनिक अम्ल), ॲ. ओरायझी (कोजिक अम्ल).