एक समाज, अनेक नावे : भुईगावच्या अभ्यासाची साधने कोठे शोधावीत?

आजचा धागा संशोधनाच्या पहिल्या पायरीविषयी, अर्थात पूर्वसाहित्याच्या आढाव्याविषयी आहे. उदाहरण वसई तालुक्यातील भुईगाव आणि तेथील सामवेदी ख्रिस्ती समाजाचे.

मानववंशशास्त्राचा विद्यार्थी प्रथम ‘ईस्ट इंडियन’ हा शब्द शोधतो. हे नाव उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाने धारण केले ते 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. साहजिकच 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये ते या अर्थाने शोधणे व्यर्थ. त्याहून जुना उल्लेख सापडलाच तर अधिक सावध व्हावे. कवी डेरोझिओने 1831 मध्ये कलकत्त्यात ‘द ईस्ट इंडियन’ हे वृत्तपत्र काढले, ते मिश्रवंशीय युरेशियन समाजासाठी. नाव तेच, माणसे निराळी!

गावकरी मात्र स्वतःला ‘कुपारी’ म्हणवतात आणि बोलीला ‘कादोडी’. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) ‘सामवेदी’ अशी नोंद आहे. त्याच खंडातील ‘काथोडी’ ही कातकऱ्यांची बोली. एका अक्षराच्या गफलतीने दुसऱ्याच समाजाची माहिती आपल्या टिपणात येऊन बसते.

स्थळनामांचेही तेच. पोर्तुगीजांचे ‘बसाईं’ इंग्रजांनी ‘बॅसीन’ केले. पण ब्रह्मदेशातही एक बॅसीन होते. ‘साष्टी’चा पोर्तुगीज उच्चार गोव्यातील तालुक्यालाही लागू पडतो. (ग्रंथालयांच्या सूच्या हा भेद नेहमी पाळत नाहीत.)

मला सर्वांत गंभीर वाटतो तो निराळाच धोका. एन्थोव्हेनचा जाती-जमातींवरील त्रिखंडी ग्रंथ (1920–22) अनेक ठिकाणी जुन्या गॅझेटिअरांवर विसंबतो. पुढील लेखक एन्थोव्हेनचा हवाला देतात. तळटिपा तीन दिसतात, साक्षीदार मात्र एकच, तोही वसाहतीच्या प्रशासनाचा. ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांचे स्वतःचे लेखन आढाव्यात येतच नाही.

वास्तविक ते उपलब्ध आहे, आणि मराठीत आहे. फादर फ्रान्सिस कोरिया यांनी सामवेदी ख्रिस्ती समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे जुने अंक आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्याचे दीर्घकाळ संपादन केले. इंग्रजी सूचीत हे क्वचितच आढळेल. त्यासाठी वसईतील ग्रंथालयात जाऊन अंक एकेक करून चाळावे लागतात.