जॉन हॅनकॉक सेंटर : सांगाडा एक, मालक अनेक

अमेरिकेतील शिकागो शहरात नॉर्थ मिशिगन अव्हेन्यू या हमरस्त्यावर उभी असलेली ही शंभर मजली इमारत १९६९ मध्ये पूर्ण झाली. दुकाने, वाहनतळ, कार्यालये आणि घरे एकाच मनोऱ्यात सामावणाऱ्या गगनचुंबी इमारतींत तिचे स्थान अग्रगण्य आहे. छतापर्यंत तिची उंची ३४४ मीटर असून पूर्णत्वाच्या वेळी ती न्यूयॉर्कबाहेरील जगातील सर्वांत उंच इमारत होती. २०१८ पासून मात्र तिची ओळख ‘८७५ नॉर्थ मिशिगन अव्हेन्यू’ या पत्त्यापुरतीच उरली आहे.

मूळ कल्पना दोन स्वतंत्र इमारतींची होती : एक कार्यालयांसाठी, दुसरी निवासासाठी. त्यामुळे भूखंडावर दाटी झाली असती. म्हणून ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या संस्थेतील वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम व अभियंते फझलुर रहमान खान यांनी कार्यालयांच्या डोक्यावर घरे रचली. कार्यालयांना प्रशस्त मजले चालतात. घरातील खोल्यांना मात्र खिडकी जवळ हवी. इमारत वर निमुळती होत जाते, त्यामागे हेही कारण आहे. तळाशी सुमारे ३,७०० चौरस मीटर असलेले मजल्याचे क्षेत्र माथ्याशी १,७०० चौरस मीटरच्याही आत येते.

खान यांचा जन्म १९२९ मध्ये ढाक्याचा. कोलकात्याजवळील शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून त्यांनी ढाक्यात पदवी घेतली व १९५२ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. वाऱ्याचा जोर पेलण्याचे काम त्यांनी इमारतीच्या बाह्य कवचावर सोपवले. चारही दर्शनी बाजूंवरील फुलीच्या आकाराचे प्रचंड पोलादी बांध आणि स्तंभ मिळून एक ताठ नळी तयार होते. परिणामी प्रति चौरस मीटर सुमारे १४५ किलो पोलाद पुरले. एम्पायर स्टेट बिल्डिंगला सुमारे २०६ किलो लागले होते. अनेक घरांच्या खिडक्यांसमोरून हे बांध तिरके जातात.

सहाव्या ते बाराव्या मजल्यांवर वाहनतळ, त्यावर कार्यालये, ४४व्या मजल्यावर रहिवाशांसाठी दालन व पोहण्याचा तलाव, ४५ ते ९२ या मजल्यांवर सुमारे ७०० घरे आणि ९४व्या मजल्यावर प्रेक्षणस्थळ, अशी मांडणी आहे.

मालकीची कथा मात्र अशी सुबक नाही. विकासक जेरी वोलमन यांनी बोस्टनच्या ‘जॉन हॅनकॉक म्युच्युअल लाइफ’ या विमा कंपनीच्या अर्थसाह्याने काम आरंभले. १९६६ मध्ये बांधकाम सुमारे वीस मजल्यांवर आले असताना पाया खचत असल्याचे दिसले. जमिनीत खोलवर उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांत दोष आढळले आणि काम कित्येक महिने थांबले. या विलंबाने वोलमन आर्थिकदृष्ट्या कोसळले व प्रकल्प विमा कंपनीकडे गेला. फिलाडेल्फिया ईगल्स हा त्यांचा फुटबॉल संघही पुढे त्यांना विकावा लागला.

१९७३ मध्ये भाड्याची घरे स्वतंत्र मालकी हक्काने विकण्यास आरंभ झाला आणि इमारतीची पहिली वाटणी झाली. १९९८ मध्ये व्यापारी भाग ‘शोरेनस्टाइन’ या कंपनीने सुमारे २२ कोटी डॉलरला घेतला; २००६ मध्ये तो गोल्डमन सॅक्सशी संबंधित निधीकडे गेला. मंदीत कर्जाचा बोजा पेलवेना, तेव्हा हिस्से सुटे विकले गेले. २०१२ मध्ये प्रेक्षणस्थळ पॅरिसच्या ‘मोंपारनास ५६’ समूहाने आणि २०१३ मध्ये कार्यालये ‘हर्न’ कंपनी व तिच्या भागीदारांनी घेतली. विमा कंपनीचा इमारतीशी संबंध संपला होता. तिच्याच विनंतीवरून २०१८ मध्ये नावही उतरवण्यात आले. ९५व्या मजल्यावरील प्रसिद्ध उपाहारगृह २०२३ मध्ये बंद पडले.

१९९९ मध्ये अमेरिकी वास्तुरचनाकार संस्थेने या वास्तूला कालसिद्ध रचनेसाठीचा पंचवीस वर्षांचा पुरस्कार दिला. कार्यालये, घरे व प्रेक्षणस्थळ यांची मालकी आज वेगवेगळी आहे. परंतु पाया आणि सांगाडा यांची वाटणी होऊ शकत नाही. त्यांची निगा सर्वांनी मिळूनच राखावी लागते.