‘रेडान’ची प्रतिकृती आणि मावळची माती

नामांकित गोल्फ होलच्या प्रतिकृती छोट्या मैदानावर उभारायच्या, तर ‘पार-3’ होल सोयीचे. त्यांना जागा कमी लागते. त्यांत बहुधा सर्वाधिक नक्कल झाली ती स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकच्या पंधराव्या होलची, ‘रेडान’ची. रेडान म्हणजे तटबंदीचा पुढे आलेला कोन. क्रिमियन युद्धातील (1853-56) सेवास्तोपोलच्या तटावरून हे नाव पडले. लोहगडाचा विंचूकाटा पाहिलेल्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

सुमारे 190 यार्डांच्या या होलचे ग्रीन तिरपे असून मागे डावीकडे उतरते. पुढे डावीकडे वाळूचा खोल खड्डा. चेंडू उजवीकडे टाकून निशाणापर्यंत घरंगळू द्यायचा, हीच खरी गंमत. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी अमेरिकेतील ‘नॅशनल गोल्फ लिंक्स’वर (1911) चौथा होल याच धर्तीवर बांधला.

मावळात अडचण आकाराची नाही, पाण्याची आहे. नॉर्थ बेरिकची जमीन समुद्रकाठची, वाळूची. लोणावळ्यात मात्र वर्षाला 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खाली काळा पाषाण. ओल्या मातीत चेंडू पडेल तिथेच रुततो. म्हणून केवळ ग्रीनखालीच नव्हे, तर त्यापुढच्या उतारावरही वाळूचा थर आणि निचऱ्याच्या नळ्या हव्यात. एवढे करूनही भर पावसाळ्यात चेंडू घरंगळण्याची अपेक्षा धरू नये.