संघ कोणाचा? हैदराबादचा फुटबॉल, कोल्हापूरच्या तालमी आणि मराठवाडा

प्रास्ताविक

नांदेड व लातूर येथील वसतिगृहांत राहणारा विद्यार्थी आज इंग्लंड व स्पेनमधील फुटबॉल संघांविषयी ज्या बारकाईने बोलतो ती बारकाई शिक्षकाला पुष्कळदा चकित करते. २०२१ मध्ये मेस्सीला बार्सिलोना का सोडावे लागले, चार बचावपटूंनिशी खेळावे की तिघांनिशी, कोणत्या संघाने कोणता खेळाडू किती कोटींना घेतला, हे सारे त्याला तोंडपाठ असते. परंतु आपला जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता त्या राज्याच्या राजधानीतील संघ एके काळी भारतातील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता, ही गोष्ट त्याच्या कानावर सहसा आलेली नसते. यात दोष विद्यार्थ्याचा नाही. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात मुक्तिसंग्राम, भाषावार प्रांतरचना आणि विकासाचा अनुशेष या विषयांनी योग्य ते स्थान मिळविले. खेळ मात्र क्रीडा विभागाच्या फलकावरच राहिला.

प्रस्तुत लेखात हैदराबादच्या फुटबॉलचा विचार एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे. संघ कोण सांभाळतो, नोकरी देणारी संस्था, भांडवल घालणारा मालक की संघामागे उभी राहणारी वस्ती? या प्रश्नाच्या उत्तरावर संघाचे आयुष्य बऱ्याच अंशी ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. तुलनेसाठी कोल्हापूर या दुसऱ्या संस्थानी शहराचा आधार घेतला आहे.

पोलिसांचा संघ आणि शिक्षक असलेला प्रशिक्षक

हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ या काळात मुंबईचा रोव्हर्स चषक सलग पाच वेळा जिंकला. १८९१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत प्रारंभी गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते, हे लक्षात घेतले म्हणजे या पाच वर्षांचे मोल कळते. ड्युरँड चषकही या संघाने १९५०, १९५४ व १९५७ मध्ये मिळविला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपुष्टात आली आणि अवघ्या दोन वर्षांत त्याच राजधानीच्या पोलीस दलाचा संघ देशभर दबदबा निर्माण करू लागला. राजवट बदलली, पण दल टिकले आणि दलाबरोबर संघही टिकला.

या यशामागे सय्यद अब्दुल रहीम यांचे परिश्रम होते. १९०९ मध्ये जन्मलेले रहीम उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि व्यवसायाने शाळामास्तर होते. रहीमसाहेब याच नावाने त्यांना सर्वत्र ओळखत. ते वर्गातली शिस्त मैदानावर घेऊन आले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्या काळी चेंडू पायाशी खेळवत दोघातिघांना चकविणारा खेळाडू प्रेक्षकांचा लाडका असे. रहीम यांनी चेंडू खेळवत नेण्यास मनाई असलेले सामने भरविले. ज्याचा उजवा पाय चांगला त्याने डाव्याच पायाने खेळावे, असेही सामने त्यांनी घेतले. चेंडू आला की एका स्पर्शात पुढे द्यायचा आणि आपण मोकळ्या जागेत धावायचे, हा त्यामागील धडा होता. प्रेक्षकाच्या टाळीपेक्षा संघाची रचना मोठी, हा विचार आज कोणत्याही क्रीडा वाहिनीवर ऐकू येतो. शाळेच्या पगारावर जगणाऱ्या माणसाने तो त्या काळी कृतीत आणला होता.

रहीम बाहेरच्या जगाकडे डोळे उघडे ठेवून पाहत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव पत्करावा लागला. पुढील वर्षी, २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, हंगेरीने वेम्बली येथे इंग्लंडला ६-३ असे नमविले. त्या सामन्यात हंगेरीचा मधला आघाडीवीर हिदेगकुटी आपली जागा सोडून मागे सरकत होता आणि त्याच्यावर नेमके कोणी लक्ष ठेवायचे हे इंग्लंडच्या बचावफळीला कळेनासे झाले होते. मागे सरकणाऱ्या आघाडीवीराची ही कल्पना रहीम यांनी भारतीय संघात आणली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझा यांच्या तीन गोलांच्या बळावर भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले आणि चौथे स्थान मिळविले. त्या पथकात तुलसीदास बलराम, नूर मोहम्मद, अझीझ, लतीफ असे हैदराबादचे अनेक खेळाडू होते. चार बचावपटू, दोन मध्यपटू व चार आघाडीवीर ही ४-२-४ रचना रहीम यांनी ब्राझीलच्या आधी वापरली, असे त्यांचे चाहते अभिमानाने सांगतात. प्रस्तुत लेखकाच्या मते अग्रहक्काचा हा वाद गौण आहे. एका शिक्षकाने जगातील नवे विचार उचलून ते आपल्या खेळाडूंना पेलतील अशा रीतीने शिकविले, ही त्यातील खरी गोष्ट होय.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दिसले. बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. उपांत्य व अंतिम सामन्यात रहीम यांनी त्यांना चक्क मधला आघाडीवीर म्हणून उतरविले. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारत २-१ असा विजयी झाला, पी. के. बॅनर्जी यांचा एक आणि जर्नैलसिंग यांचा दुसरा गोल होता. कर्करोगाने ग्रासलेले रहीम ११ जून १९६३ रोजी निवर्तले. ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे २०२४ मध्ये त्यांचे नाव पुन्हा घरोघर पोहोचले, ही समाधानाची बाब आहे.

१९५६: सीमारेषा आणि करंडक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाड्याचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ चा. फुटबॉलच्या दृष्टीने हा काळ मोठा विलक्षण ठरतो. राज्य संघांसाठी असलेल्या संतोष करंडक स्पर्धेत १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे हैदराबादने अंतिम सामन्यात मुंबईचा पराभव केला. ज्या राज्यातून मराठवाडा बाहेर पडत होता ते राज्य, ज्या राज्यात तो प्रवेश करीत होता त्या राज्याला नमवीत होते. पुढे १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राने आंध्र प्रदेशाला हरवून करंडक मिळविला, तेव्हा हे पारडे फिरले.

तथापि या दोन्ही संघांत मराठवाड्याला स्थान नव्हते, आणि त्याचे कारण केवळ सीमारेषेत शोधणे अपुरे ठरेल. नांदेड मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर होते. राजधानीशी त्याचा संबंध रोजचा होता. लातूरची बार्शी लाइट रेल्वे मात्र कुर्डुवाडीच्या दिशेने जाई. उस्मानिया विद्यापीठ नांदेडच्या विद्यार्थ्यालाही जवळचे होते. १९५० मध्ये स्थापन झालेले पीपल्स कॉलेज प्रारंभी त्याच विद्यापीठाशी संलग्न होते. म्हणजे वाटा होत्या. परंतु हैदराबादचा फुटबॉल नावाप्रमाणेच ‘सिटी’चा आणि ‘पोलिसां’चा होता. खेळाडूला दलात नोकरी, पगार आणि सरावासाठी सवड मिळे. नोकरी राजधानीत, मैदान राजधानीत आणि प्रशिक्षकही राजधानीत. या व्यवस्थेने उत्तम खेळाडू घडविले; जिल्ह्याच्या गावी खेळ रुजविणे हे तिचे कामच नव्हते. त्यामुळे १९५६ मध्ये मराठवाडा वेगळा झाला तेव्हा वाटणीत महसुली दप्तरे आली, कूळकायदा आला, उर्दू जाणणारे कारकून आले; फुटबॉल आला नाही.

कलकत्त्याची ओढ

पोलीस संघाची मर्यादा खुद्द हैदराबादमध्येही लवकरच प्रकट झाली. बलराम यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. सिकंदराबादजवळ राहणाऱ्या या गरीब मुलाला सरावासाठी हैदराबादला येणे परवडत नव्हते, तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी रहीम त्याला रुपया देत. असा घडविलेला खेळाडू १९५७ मध्ये कलकत्त्याच्या ईस्ट बंगालने नेला. १९६६ मध्ये मोहम्मद हबीब आणि सय्यद नईमुद्दीन त्याच वाटेने गेले. हबीब यांनी १९७७ मध्ये मोहन बागानकडून पेले यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉसविरुद्ध गोल केला. हैदराबादच्या मुशीत घडलेल्या खेळाडूची ती कामगिरी बंगालच्या खात्यावर जमा झाली.

कलकत्त्यात हंगामापूर्वीच्या या अदलाबदलीला ‘दलबदल’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द राजकारणातून परिचित असल्याने त्यास कडवटपणाची छटा वाटेल, पण कलकत्त्याच्या चाहत्याला तो एखाद्या सणासारखा असे. प्रतिस्पर्ध्यांनी पळवू नये म्हणून खेळाडूला गुप्त ठिकाणी ठेवण्यापर्यंत मजल जाई. मुद्दा असा की, कलकत्त्यात पैसा होता त्याहून अधिक, खेळाडूवर हक्क सांगणारा प्रेक्षक होता. हैदराबादमध्ये प्रेक्षक टाळ्या वाजवी, परंतु संघ पोलीस खात्याचा होता. रहीम गेल्यानंतर आंध्र पोलीस या नावाने संघाने काही काळ लौकिक राखला. १९६५-६६ मध्ये आंध्र प्रदेशाने संतोष करंडक जिंकला, त्यानंतर मात्र तो त्यांना मिळालेला नाही.

संस्थेच्या आश्रयावरील संघाचा असा शेवट महाराष्ट्रानेही पाहिला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटीचे २०११ मध्ये तेच झाले.

कोल्हापूरची वेगळी वाट

कोल्हापूर हेही संस्थान, आणि तेथेही फुटबॉलला राजघराण्याचा आश्रय लाभला. परंतु तेथे खेळ पेठांत उतरला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. गणपती, सण, अडीअडचण यांसाठी गल्ली जेथे एकत्र येते ती जागा. फुटबॉल संघ हा तिचाच एक विस्तार झाला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धा शाहू स्टेडियमवर सुरू झाल्या की कोणत्या तालमीने कोणता खेळाडू घेतला, कोण जुन्या मंडळाला सोडून गेला, बाहेरून आणलेला परदेशी खेळाडू किती उपयोगी पडेल, याची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर रंगते. विश्वचषकाच्या दिवसांत चौकाचौकांत अर्जेंटिना व ब्राझीलच्या खेळाडूंचे भव्य फलक उभे राहतात, तरी त्याच चौकातील माणसाला स्वतःची तालीम परकी होत नाही.

या व्यवस्थेचे गोडवेच गावेत असे नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने थांबले आहेत, पेठेची ईर्ष्या खेळाडूच्या भवितव्यापेक्षा मोठी ठरली आहे, आणि व्यावसायिक फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्याला शहर सोडावेच लागते. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. परंतु संस्थान विलीन झाले, आश्रयदाते बदलले, तरी संघ बुडाले नाहीत. कारण ते विसर्जित करण्याचा अधिकार कोणा एका कार्यालयाच्या हाती नव्हता.

अनिकेत जाधव २०२१ मध्ये हैदराबाद एफसी या संघात गेला आणि त्या संघाने २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकली. हैदराबादला जणू जुने दिवस परत मिळाले. पण हा संघ मुळात २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडल्यावर त्या जागी आलेला. पुण्याच्या चाहत्याने आपला संघ हैदराबादला गेलेला पाहिला, आणि २०२५ मध्ये हैदराबादच्या चाहत्याने तोच संघ ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ या नावाने दिल्लीला गेलेला पाहिला. खेळाडूंची बदली आपण जाणतो. येथे अख्ख्या संघाचीच बदली झाली, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकाला कोणी विचारले नाही.

मराठवाड्याकडे पुन्हा

मराठवाड्यात खेळामागे उभी राहणारी वस्तीच नव्हती, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत आणि लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते. तिला ना पोलीस खात्याचा आधार लागला, ना कंपनीचा. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंघजी सुवर्ण व रजत चषक हॉकी स्पर्धा देशभरातील संघांना या शहरात आणते. हॉकी नांदेडला रुजली आणि फुटबॉल रुजला नाही, या फरकाचे मूळ खेळाच्या स्वरूपात फारसे सापडणार नाही. स्पर्धा कोणी आपली मानली, यात ते सापडण्याचा संभव अधिक.

या दिशेने काम करण्यास इतिहास विभागांना वाव आहे. हैदराबादच्या ‘सियासत’, ‘रहनुमा-ए-दक्कन’ या उर्दू दैनिकांचे १९५० च्या दशकातील अंक चाळावे लागतील, आणि त्यासाठी उर्दू वाचणारे विद्यार्थी नांदेडच्या महाविद्यालयांत आजही आहेत. त्या काळी उस्मानिया विद्यापीठात शिकलेली जी थोडी वयोवृद्ध मंडळी आपल्या जिल्ह्यांत हयात आहेत, त्यांच्या मुलाखती मात्र आधी घ्याव्या लागतील. वृत्तपत्रांच्या फायली आणखी काही वर्षे वाट पाहू शकतात.