शिरगणती आणि खानेसुमारी

इंग्रजी अमदानीतील आपल्या दफ्तरांत लोकांच्या मोजदादीसाठी शिरगणती आणि खानेसुमारी असे दोन शब्द आढळतात. व्यवहारात दोहोंचा अर्थ बहुधा एकच धरला जाई. तथापि एका शब्दात शिरे मोजली जातात आणि दुसऱ्यात खाने, म्हणजे घरे, हा भेद विसरण्याजोगा नाही, आणि दक्षिण अमेरिकेतील स्थलांतरितांच्या सांपत्तिक स्थितीविषयी वाचन करीत असता तो मला पदोपदी आठवत राहिला. आर्जेंटिनाच्या २०१० सालच्या जनगणनेत परदेशी जन्मलेल्यांमध्ये पॅराग्वेचे लोक पहिल्या क्रमांकावर, ५,५०,७१३ इतके भरले. त्यांच्यामागे बोलिव्हियाचे ३,४५,२७२, चिलीचे १,९१,१४७ आणि पेरूचे १,५७,५१४. ही झाली शिरगणती. घरे मोजू लागले, म्हणजे कोणाच्या डोक्यावर कसले छप्पर आहे, नळ आहे की नाही, एका खोलीत किती माणसे निजतात हे विचारू लागले, की शिरगणतीत अग्रभागी असलेला हा समाज झपाट्याने मागे सरकतो.

असे का व्हावे? ब्यूनोस आयरेस शहरात याचे उत्तर स्वभावात शोधण्याची जुनी रीत आहे: बोलिव्हियन काटकसरी, पेरूचा माणूस शिकलेला, पॅराग्वेयन हौशी आणि खर्चिक, असे म्हटले की प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटते. हे उत्तर मला केवळ अपुरे नव्हे, तर अन्यायाचे वाटते. कोणता समाज कोणत्या दरवाजाने आत आला, त्या दरवाजाशी त्याच्या हाती कोणते काम पडले, आणि ते काम संपल्यावर त्या हातात काय उरले, या तीन गोष्टींचा इतिहास पाहिल्यावाचून त्यांच्या सुखवस्तूपणाची तुलना करू नये.

पॅराग्वेचा दरवाजा युद्धाने उघडला. ब्राझील, आर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांशी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेला संग्राम १ मार्च १८७० रोजी सेर्रो कोरा येथे पॅराग्वेचा अध्यक्ष फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ मारला गेला तेव्हा संपला, आणि मागे उरला तो पुरुषांवाचून ओस पडलेला मुलूख. मनुष्यहानीच्या आकड्यांविषयी इतिहासकारांचा वाद अजून शमलेला नाही. परंतु गावेच्या गावे स्त्रियांनी आणि मुलांनी पुन्हा उभी केली, याविषयी दुमत नाही. युद्धापूर्वी तेथील बहुतेक जमीन सरकारी मालकीची असून रयत ती अल्प खंडाने कसत असे. कर्जात बुडालेल्या नव्या सरकारने १८८३ आणि १८८५ साली कायदे करून ही जमीन विक्रीस काढली, आणि ती इतक्या विस्तीर्ण तुकड्यांनी विकली की कसणाऱ्याला ती विकत घेणे अशक्य व्हावे. १८८६ साली स्थापन झालेल्या ला इंदुस्त्रियाल पाराग्वाया या कंपनीसारख्या मोजक्या धनकोंच्या हाती येर्बा मातेची अरण्ये गेली, चाको प्रदेशातील अफाट मुलूख कार्लोस कासादो याच्या मालकीचा झाला, आणि ज्या कुळांच्या पिढ्या एका जागी नांदल्या होत्या, ती कागदोपत्री एका रात्रीत उपरी ठरली.

या उपऱ्यांतूनच मेन्सू निर्माण झाला. हा शब्द मासिक वेतन या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलेला. प्रत्यक्षात मात्र महिन्याचे वेतन हाती पडणारा मेन्सू विरळाच. पाराना नदीच्या काठी पोसादास येथे मुकादम करार लिहून घेई आणि उचल देई. ती उचल चार दिवसांत संपे, आणि मग नावेतून वर रानात नेलेला माणूस कंपनीच्याच दुकानातून कंपनीच्याच भावाने मीठ-पीठ घेऊन ती फेडीत बसे. येर्ब्याच्या हिरव्या पानांचा अवजड भारा पाठीवर घालून चालणाऱ्या या माणसाचे ऋण वर्षाअखेर कमी होण्याऐवजी वाढलेले असे. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे हिशेब ज्याने एकदा तरी पाहिले आहेत, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. स्पेनमध्ये जन्मलेल्या राफाएल बारेत याने १९०८ साली असुन्सिओनच्या वृत्तपत्रात या गुलामगिरीचा स्फोट केला. मिसिओनेसच्या जंगलात राहणाऱ्या ओरासिओ किरोगाने त्याच माणसांवर कथा लिहिली. युद्धानंतरच्या १८७६ च्या तहाने मिसिओनेस आणि फोर्मोसा हे प्रदेश आर्जेंटिनाकडे गेले होते. म्हणजे सरहद्द ओलांडून मजुरीला जाणारा पॅराग्वेयन, ज्या भूमीवर त्याच्या देशाने काल हक्क सांगितला होता, तीवरच परका म्हणून पाऊल ठेवीत होता.

१९१३ साली एन्कार्नासिओन आणि पोसादास यांच्या दरम्यान आगगाडीचे डबे वाहून नेणाऱ्या बोटी सुरू झाल्या आणि असुन्सिओनहून ब्यूनोस आयरेसपर्यंत लोहमार्ग सलग झाला. तरीही मजुरांचा मुख्य ओघ पुष्कळ काळ सरहद्दीवरच्या कापूस, येर्बा आणि क्वेब्राचो लाकडाच्या प्रदेशांतच अडलेला होता. राजधानीकडे तो वळला तो शतकाच्या मध्यावर, जेव्हा आर्जेंटिनाचे कारखाने माणसे मागू लागले आणि पॅराग्वेत १९४७ च्या यादवीने हजारोंना परागंदा केले. त्या वर्षीच्या निर्वासितांत आउगुस्तो रोआ बास्तोस होता, आणि पुढे आपल्या राष्ट्राचे जे श्रेष्ठ कादंबरीवाङ्मय त्याने लिहिले, त्याचा मोठा भाग परदेशी लिहिला. ग्वारानिया हा संगीतप्रकार निर्माण करणारा होसे आसुन्सिओन फ्लोरेस तर १९७२ साली ब्यूनोस आयरेसमध्येच निवर्तला. १९५४ पासून १९८९ पर्यंत पॅराग्वेवर स्त्रोएसनर या लष्करशहाची हुकमत चालली. इताइपूच्या धरणाने सत्तरीच्या दशकात काही काळ मजूर गुंतवून ठेवले खरे, पण धरण बांधून झाले आणि मजूर मोकळे झाले. शिवाय पूर्वेकडील सुपीक पट्ट्यात सोयाबीनचे मळे पसरत चालले होते, आणि त्यांच्या पुढे लहान शेतकरी मागे हटत होता. काआग्वासू, सान पेद्रो, इतापुआ या जिल्ह्यांतील तरुण ब्यूनोस आयरेसची गाडी पकडू लागले, आणि त्यांत तरुणांहून तरुणी अधिक होत्या.

या शहराने पुरुषांना गवंडीकाम दिले आणि स्त्रियांना घरकाम. या दोन धंद्यांचे स्वरूप नीट ध्यानात घेतले, म्हणजे पुढले सारे उलगडते. बांधकामावर पोऱ्या म्हणून चढलेला मुलगा काही वर्षांत मदतनीस, मग अर्धा कारागीर, मग पुरा कारागीर होतो. त्याची मजुरी वाढते, हातातला ओळंबाही स्वतःचा होतो. परंतु जी इमारत तो उभी करतो ती दुसऱ्याची असते, आणि २००१ च्या अखेरीस आला तसा आर्थिक प्रलय आला की सर्वांत आधी बंद पडते ते बांधकामच. स्त्रीची गोष्ट याहून कठीण. मालकाच्या घरीच राहून काम करण्याच्या पद्धतीला तेथे ‘कामा आदेन्त्रो’, म्हणजे ‘बिछाना आत’, असे म्हणतात. खेड्यातून नुकत्याच आलेल्या मुलीला त्यात निवारा व जेवण मिळे आणि पगार जवळजवळ अखंड घरी धाडता येई. पण दिवस कधी संपला हे ठरवण्याचा अधिकार तिचा नसे. १९५६ च्या ज्या फर्मानाने या कामाचे नियमन झाले, त्याने दिवसाला चार तासांहून कमी किंवा आठवड्यात चार दिवसांहून कमी एका मालकाकडे काम करणाऱ्या बाईला संरक्षणाबाहेरच ठेवले. हे फर्मान २०१३ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे अंमलात राहिले. एवढ्या काळात किती आयांची हाडे झिजली आणि म्हातारपणी त्यांच्या हाती निवृत्तिवेतनाचा कपर्दिकही आला नाही, याचा विचार मनात आला की आकड्यांवरची माझी नजर ढळते.

बोलिव्हियन दुसऱ्या वाटेने आले. हुहुय आणि साल्ताच्या उसाच्या फडांत, तंबाखूच्या शेतांत, मग मेन्दोसाच्या द्राक्षमळ्यांत हंगामामागून हंगाम करीत ते दक्षिणेकडे सरकले, आणि १९८५ साली बोलिव्हियाच्या कथिलाच्या खाणी मोडीत निघून हजारो खाणकामगार रस्त्यावर आले तेव्हा हा ओघ वाढला. ब्यूनोस आयरेसच्या भोवतालच्या भाजीमळ्यांत त्यांना जे काम मिळाले ते मजुरीचे असले, तरी त्याला वरची पायरी होती. समाजशास्त्रज्ञ रोबेर्तो बेनेन्सिया यांनी तिला ‘बोलिव्हियन शिडी’ असे नाव दिले आहे: आधी मजूर, मग अर्धेलीने कसणारा, मग खंडाने जमीन घेणारा, आणि क्वचित अखेरीस मालक. आपल्या जुन्या महसुली भाषेत सांगायचे तर उपऱ्याने मिरासदार होण्याची ती वाट. एस्कोबार येथे १९९० साली त्यांनी आपली संस्था रीतसर स्थापन केली व पुढे स्वतःचा बाजार चालविला. १९९१ साली लोमास दे सामोरा येथे, जुन्या सार्वजनिक स्नानतलावांच्या जागेवर, ला सालादाचा कपड्यांचा बाजार सुरू झाला, त्याच्याही मुळाशी बोलिव्हियन विक्रेतेच होते. त्यांच्यात ‘पासानाकू’ नावाची जी पद्धत आहे ती म्हणजे हुबेहूब आपली भिशी: दर पाळीला सर्वांनी ठराविक रक्कम घालायची आणि एकाने सारी उचलायची. शिवणयंत्र आले ते भिशीतून, आणि मळ्याचा पहिला खंडही भिशीतूनच. म्हणजे काटकसरीचा गुण त्यांच्यात नव्हता असे नव्हे. पण काटकसरीने वाचलेला पैसा गुंतवण्याजोगे काहीतरी त्यांच्या धंद्यात होते, ते गवंड्याच्या धंद्यात नव्हते.

या शिडीचे गोडवे गाताना तिच्या तळाशी कोण उभे होते हेही पाहिले पाहिजे. अर्धेलीने कसणाऱ्याच्या हिश्शात त्याच्या बायकामुलांची मेहनत बिनमोल धरलेली असे. शिवणकामाच्या कारखान्यांत माणसे यंत्राशेजारीच निजत. ३० मार्च २००६ रोजी लुइस व्हियाले रस्त्यावरील अशाच एका कारखान्याला आग लागली आणि सहा बोलिव्हियन होरपळून मेले, त्यांत बहुतेक मुले होती. बंधूच बंधूचा मुकादम झाला की शोषण सौम्य होते, असा अनुभव कोठल्याच देशाचा नाही.

पेरूच्या लोकांचा ओघ उशिराचा. १९९१ साली एक पेसो म्हणजे एक डॉलर असा दर कायद्याने बांधला गेला आणि ब्यूनोस आयरेसमध्ये मिळवलेला पगार लिमात सोन्यासारखा झाला. त्या वर्षी आर्जेंटिनात पेरूचे १५,९३९ लोक होते, ते २००१ साली ८८,२६० झाले. शिक्षणात ते इतर शेजाऱ्यांहून सरस होते, माध्यमिक शाळा पुरी केलेले त्यांच्यात पुष्कळ होते, आणि तरीही त्यांच्या शिकलेल्या स्त्रिया घरकामालाच लागल्या. विद्येचे रूपांतर वित्तात आपोआप होत नाही याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. उरुग्वेचे लोक बोली, चालीरीती आणि शिक्षण यांनी स्थानिकांत मिसळून गेले, आणि चिलीचे पातागोनियाच्या मेंढवाड्यांत व सफरचंदांच्या बागांत स्थिरावले. त्यांची तुलना वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या साऱ्यांच्या डोक्यावर कायद्याचा एकच वरवंटा होता. १८५३ च्या संविधानाचे पंचविसावे कलम युरोपातून येणाऱ्यांना उत्तेजन देण्याची सरकारला आज्ञा करते. शेजाऱ्यांचा तेथे उल्लेख नाही. १८६९ च्या पहिल्या जनगणनेपासून आजतागायत शेजारी देशांतून आलेल्यांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या शेकडा दोनतीनच्या आसपासच राहिले आहे, आणि तरीही युरोपीय ओघ आटल्यावर ते जणू नव्याने आलेले संकट मानले गेले. लष्करी राजवटीने १९७६ नंतर राजधानीतील झोपडवस्त्या बुलडोझरने साफ केल्या. दोन लाखांवर असलेली त्यांची वस्ती १९८० पर्यंत चाळीस हजारांच्या आत आली. १९८१ च्या कायद्याने परवान्यावाचून राहणाऱ्याला काम नाकारले, आणि काम नाकारणे म्हणजे प्रत्यक्षात कमी मजुरीने काम देणे, हे प्रत्येक मुकादम जाणत होता. हा कायदा डिसेंबर २००३ मध्ये मंजूर झालेल्या २५,८७१ क्रमांकाच्या कायद्याने रद्द झाला. स्थलांतर हा मनुष्याचा हक्क म्हणून तेथे लिहिला गेला, आणि २००६ पासून शेजारी राष्ट्रांच्या लाखो लोकांना वास्तव्याचे कागद मिळाले.

आता खानेसुमारीकडे वळतो. आर्जेंटिनाच्या सांख्यिकी संस्थेने १९८४ साली दारिद्र्य मोजण्याची जी पद्धत रूढ केली, ती बव्हंशी घर पाहते: एका खोलीत तिघांहून अधिक माणसे आहेत काय, घर कच्चे आहे काय, शौचकूप आहे काय, सहा ते बारा वर्षांचे मूल शाळेबाहेर आहे काय. ही पद्धत उपयुक्त आहे, हे मी नाकारत नाही. परंतु काआग्वासूतील आईसाठी विटांचे घर आणि भावासाठी गाईची जोडी ज्याने आपल्या मजुरीतून उभी केली, त्या गवंड्याचे ते घर या मोजणीत कोठेच येत नाही. येते ती ब्यूनोस आयरेसमधील रियाचुएलो नदीकाठची त्याची दाटीची खोली. याच्या उलट २०१० पर्यंतच्या जनगणना माणसाला मोजणीच्या रात्री तो जेथे असेल तेथे मोजीत. म्हणून मालकाकडे राहणारी मोलकरीण श्रीमंत वस्तीतल्या, नळ आणि संगमरवर असलेल्या घराच्या खात्यात पडे, आणि तिच्या मालकीचा तेथे एक बिछानाही नसे. एक दरिद्री नसून दरिद्री ठरला, आणि दुसरी दरिद्री असून सुखवस्तूंत गणली गेली.

ब्यूनोस आयरेसच्या बारराकास भागातील, एकवीस-चोवीस या क्रमांकानेच ओळखल्या जाणाऱ्या पॅराग्वेयनांच्या वस्तीत ८ डिसेंबरला काआकुपेच्या मातेचा उत्सव होतो, ग्वारानीतून प्रार्थना होतात, चिपा भाजली जाते. ज्या गवंड्यांनी आठवडाभर दुसऱ्यांचे मजले चढवले, त्यांनीच शनिवार-रविवार खपून येथली घरे चढवली आहेत. खाली पत्रा होता तेथे वीट आली, विटेवर दुसरा मजला आला, वरची खोली नव्याने आलेल्या गाववाल्याला भाड्याने गेली. यांपैकी बहुतेक घरांना पिढ्यानपिढ्या सनद नव्हती, फेरफार नव्हता, पत्ताही नव्हता. २०१७ साली सरकारने अशा वस्त्यांची नोंदवही उघडली, आणि पुढील वर्षीच्या कायद्याने तीत ४,४१६ वस्त्या दाखल झाल्या. दारोदार जाऊन नोंद करणाऱ्याने घरमालकिणीच्या हाती जो दाखला दिला तो मालकीचा दस्तऐवज नव्हे. पण त्यावर तिचे नाव आहे, घराचा ठिकाणा आहे, आणि तो दाखवून ती नळाची आणि विजेची जोडणी मागू शकते.