चंद्रावरचा पहिलवान

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने दारासिंगवर का बोलावं, असं काहींना वाटत असेल. कारण शेवटी सांगतो, आधी इतिहास.

1967 साली टी. पी. सुंदरम यांचा ‘चाँद पर चढाई’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात दारासिंग अग्निबाणातून चंद्रावर जातो. माणसाचं पाऊल चंद्रावर पडलं जुलै 1969 मध्ये. म्हणजे आपला पहिलवान दोन वर्षं आधीच पोहोचला! आणि तिथे जाऊन करतो काय? तर कुस्ती.

हे खूळ एकट्या मुंबईचं नव्हतं. इटलीत 1958 च्या ‘हर्क्युलिस’मुळे स्टीव्ह रीव्हज हा अमेरिकन शरीरसौष्ठवपटू गाजला आणि तलवारबहाद्दरांच्या चित्रपटांची लाट आली. 1964 मध्ये तिथल्या बलदंड नायकापुढे थेट चंद्रावरचे शत्रू उभे केले गेले. आपल्याकडे बाबूभाई मिस्त्रींनी 1962 मध्येच दारासिंगला ‘किंग काँग’मध्ये नायक केलं होतं. आपल्या प्रेक्षकाला तर हे मुळीच जड गेलं नाही. फाळक्यांनी 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये मारुती उडवून दाखवला होता. उड्डाण वराने झालं की यंत्राने, याची चौकशी कोण करतो?

पण अग्निबाण असताना पहिलवान कशाला हवा? इथे खरा प्रश्न आहे. 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून आपल्या भूमीवरून पहिला अग्निबाण सुटला. देशात यंत्र येत होतं, आणि त्याच वेळी आपल्या गोंदियाच्या राईस मिलमध्ये हमाल पाठीवर पोती वाहत होते. कुडव्याहून सायकलवर जाऊन मी असे सिनेमे पाहिले आहेत. अग्निबाण सुटला की थेटर गप्प. दारासिंगने कुणाला उचलून आपटलं की खालच्या वर्गातून शिट्ट्या. त्या शिट्ट्यांचा अर्थ मला फार उशिरा लागला. यंत्र कितीही वर जावो, शेवटी काम आपल्या अंगबळानेच होणार, एवढीच त्यांची आशा होती.

पुढे वर्गात मी देह आणि मन यांचं द्वैत शिकवत राहिलो आणि या सिनेमांना थिल्लर म्हणत राहिलो. माझा पगार मनाच्या बाजूचा होता ना! आज यंत्र निबंध लिहितं, हिशेब करतं. आता माझी किंमत काय, हा हमालाचा प्रश्न मास्तरांच्या दारात आला आहे. म्हणून आज दारासिंग आठवला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.